उलटा बसलेला स्विच आणि सौरवाऱ्याचे पंधरा हजार तुकडे

अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. लेव्हल स्विच, प्रेशर स्विच, पंपाच्या पॅनेलची जोडणी अशी कामं आम्ही करतो. क्वालिटी माझ्याकडे आहे. शनिवारी दुपारी, दुसरी पाळी लागायच्या आधी, डिप्लोमाच्या ट्रेनींना बसवून मी एखादं प्रकरण घेते. बहुतेक प्रकरणं आमच्याच शॉपमधली असतात. पण दर नव्या बॅचला एक प्रकरण बाहेरचं सांगते आणि ते सांगताना माझा आवाज आपोआप चढतो. आमच्या धंद्यातली सगळ्यात साधी चूक त्यात आहे आणि ती निस्तरण्याची मला माहीत असलेली सगळ्यात चिवट गोष्टही त्यातच आहे. नासाची जेनेसिस मोहीम. सूर्याचा नमुना पृथ्वीवर आणायला गेलेलं यान.

पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, सूर्याजवळ गेलं की यान जळणार नाही का?" तिथवर जायची गरजच नाही. माल सूर्यच धाडत असतो. त्याच्या सर्वांत बाहेरच्या थरातून, प्रभामंडळातून, विद्युतभारित कण अखंड बाहेर पडत असतात. सेकंदाला दहा लाख टनांहून जास्त. हाच सौरवारा. साधारण ४०० किलोमीटर प्रतिसेकंद वेगानं तो पृथ्वीपर्यंत येतो, पण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला बाजूनं वळवतं. त्यामुळे गंगापूर धरणाच्या काठावर परात मांडून तो सापडत नाही. चुंबकीय क्षेत्राच्या बाहेर जावं लागतं.

आणि तो हवा कशाला? सूर्यात काय आहे हे वर्णपटावरून कळतं की. कळतंच, हेलियमचा पहिला माग १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या वर्णपटातल्या पिवळ्या रेषेतूनच लागला, आणि फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते ग्रहण आपल्या गुंटूरमधून पाहिलं होतं. पण वर्णपट सांगतो की ऑक्सिजन आहे. त्यात ऑक्सिजन-१६ किती, १७ किती, १८ किती, म्हणजे समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचं) प्रमाण काय, हे हवं तितक्या बारकाईनं त्याला सांगता येत नाही. त्या बारकाव्यातच तर सगळा इतिहास आहे. ज्या वायूच्या आणि धुळीच्या ढगातून सूर्य आणि ग्रह घडले, त्या ढगाचा ९९ टक्क्यांहून जास्त माल एकट्या सूर्यात गेला. म्हणजे मूळ पीठ सूर्यात आहे. पृथ्वी, मंगळ, अशनी या त्याच पिठाच्या भाकऱ्या, पण तव्यावर गेलेल्या. भाजताना काय बदललं हे समजायचं तर कोरडं पीठ हातात हवं.

हा प्रयत्न आधीही झाला होता. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ॲल्युमिनियमचा एक पत्रा पडद्यासारखा उभा केला होता. बर्न विद्यापीठातल्या योहानेस गाइस यांचा हा प्रयोग. पत्रा ७७ मिनिटं सौरवाऱ्यात राहिला, मग गुंडाळून परत आणला. पुढच्या अपोलो मोहिमांत ही वेळ वाढत गेली. त्या पत्र्यांतून हेलियम, निऑन, आर्गॉन हाती लागले. ऑक्सिजन आणि नायट्रोजन मात्र त्यातून मिळणं कठीण होतं. त्यासाठी जास्त शुद्ध पृष्ठभाग हवा होता आणि जास्त दिवस.

सापळा

जेनेसिस ८ ऑगस्ट २००१ ला उडालं. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनं १५ लाख किलोमीटरवर एल-१ नावाचा बिंदू आहे. आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून ज्याच्याभोवती फिरतंय, तोच. आदित्य सौरवाऱ्याचे कण जागेवरच मोजतं. जेनेसिसला ते घरी आणायचे होते. ३ डिसेंबर २००१ ला त्यानं झाकण उघडलं आणि १ एप्रिल २००४ ला मिटलं.

आत सुमारे ३०० षटकोनी चकत्या होत्या, प्रत्येक साधारण तळहाताएवढी. सिलिकॉन, नीलम, नीलमावर चढवलेलं सोनं, नीलमावर चढवलेलं ॲल्युमिनियम, जर्मेनियम, हिऱ्यासारखा कार्बन, असे वेगवेगळे पदार्थ. कारण प्रत्येक मूलद्रव्य मोजायला वेगळी पाटी स्वच्छ असावी लागते. सिलिकॉनच्या चकतीत सूर्याचं सिलिकॉन कसं ओळखणार? सौरवाऱ्याचा कण इतक्या वेगानं येतो की तो चकतीवर बसत नाही, आत घुसतो. पण किती आत? साधारण १०० नॅनोमीटरच्या आसपास. केसाच्या जाडीचा जवळपास हजारावा भाग. हा आकडा लक्षात ठेवा असं मी मुलांना इथेच सांगते.

सौरवारा एका जातीचा नसतो. प्रभामंडळातल्या विवरांमधून येणारा वेगवान, मधल्या भागातला संथ आणि सूर्यावर स्फोट होऊन द्रव्य उसळलं की येणारा तिसरा. सूर्यातून बाहेर पडताना काही मूलद्रव्यं सहज सुटतात, काही मागे रेंगाळतात, म्हणजे वारा ही सूर्याची हुबेहूब नक्कल नव्हे. किती फरक पडतो हे कळायचं तर तिन्ही जाती वेगळ्या पकडायला हव्यात. म्हणून चकत्यांच्या पाच ताटल्या होत्या. दोन ताटल्या कायम उघड्या, सगळा वारा घेणाऱ्या. उरलेल्या तिघींना एकेक जात वाटून दिलेली. यानावरची उपकरणं वाऱ्याची जात ओळखायची आणि त्या त्या वेळी ती ताटली पुढे सरकायची.

शिवाय एक संहतक होता. विद्युतक्षेत्राच्या आरशानं तो ऑक्सिजन, नायट्रोजनसारखे कण गोळा करून छोट्या लक्ष्यावर एकवटायचा, जेणेकरून तिथे नेहमीच्या सुमारे वीसपट माल साठेल. मोहिमेचा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न, ऑक्सिजनची समस्थानिकं, याच लक्ष्यावर अवलंबून होता.

सगळं मिळून हाती येणारा सूर्य मिठाच्या काही कणांएवढा.

८ सप्टेंबर २००४

चकत्या ठिसूळ. पॅराशूटनं वाळवंटात उतरवलं तरी धक्क्यानं त्यांचा चुरा होईल अशी भीती होती, म्हणून चकत्या घेऊन परतणारी कुपी जमिनीला टेकूच द्यायची नाही असं ठरलं होतं. आधी एक छोटं पॅराशूट उघडणार, मग पंखासारखं मोठं पॅराशूट, आणि हळूहळू तरंगत येणारी कुपी हेलिकॉप्टर हवेतच हुकानं उचलणार. त्यासाठी सिनेमातल्या स्टंटची सवय असलेले वैमानिक बोलावले होते. त्यांनी सराव करकरून हात बसवला होता. सगळं लक्ष त्या झेलावर होतं.

कुपी सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगानं वातावरणात शिरली, उष्णताकवचानं आपलं काम केलं, युटाच्या वाळवंटावर कॅमेऱ्यांना ती दिसली. गरगरत, कोलांट्या घेत येणारी. पॅराशूट नाही. ताशी ३११ किलोमीटर वेगानं ती जमिनीवर आदळली आणि चिखलात अर्धी रुतली. हेलिकॉप्टर तसंच वर राहिलं.

त्याचं चित्रण मी मुलांना दाखवते तेव्हा वर्गात कुणी बोलत नाही. मीही थोडा वेळ काही बोलत नाही.

ड्रॉइंगशी जुळलेली चूक

पॅराशूट उघडायचा हुकूम छोट्या स्विचवर अवलंबून होता. पेन्सिलीच्या टोकावरच्या खोडरबराएवढे ते स्विच. आत स्प्रिंग आणि सरकणारा भाग. कुपी हवेत शिरून जोरात मंदावली की त्या झटक्यानं स्विच जोडला जाणार, तिथून घड्याळ सुरू होणार, ठरलेल्या सेकंदाला छोटं पॅराशूट सुटणार. ही युक्ती एकाच दिशेच्या झटक्यावर चालते. स्विच उलटा बसला तर झटका सरकत्या भागाला भलतीकडे दाबतो आणि जोड लागतच नाही.

ते उलटे बसले होते. बसवणाऱ्यानं उलटे बसवले नव्हते. ड्रॉइंगच उलटं होतं. एक संच बिघडला तर दुसरा असावा म्हणून दोन संच होते, पण दोन्ही त्याच ड्रॉइंगवरून घडलेले. जोडीदार जवळ होता, पण त्यालाही तोच आजार.

हे कसं झालं ते चौकशी मंडळानं नीट उलगडलं, आणि मला सगळ्यात जास्त तोच भाग वाचून दाखवावासा वाटतो. ही रचना नासाच्याच आधीच्या, धूमकेतूची धूळ आणायला गेलेल्या स्टारडस्ट मोहिमेतून घेतली होती. जेनेसिसला हे स्विच बसतात त्या पेटीतली मांडणी बदलावी लागली आणि त्या बदलात स्विचचं तोंड फिरलं. डिझाइनच्या आढाव्यात ते कुणाच्या नजरेला पडलं नाही. स्टारडस्टची पेटी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून स्विच लागतो का हे पाहिलं होतं. जेनेसिसचीही तशी चाचणी व्हायची होती, पण वेळ कमी होता आणि रचना आधी सिद्ध झालेली आहे या समजुतीनं ती गळली. तिच्या जागी स्टारडस्टच्या आणि जेनेसिसच्या ड्रॉइंगांची ताडणी झाली, तीही यांत्रिक ड्रॉइंग वाचण्याचा सराव नसलेल्या माणसाकडून. नंतरच्या वरिष्ठ आढाव्यातही चाचणी राहिली आहे हे कुणी पकडलं नाही.

इथे मी थांबते आणि आमचं स्वतःचं प्रकरण काढते.

आमच्याकडे एक फ्लोट स्विच होता. नळीत चुंबकानं चालणारा रीड स्विच, बाहेर चुंबक असलेला फ्लोट. पाणी वर आलं की फ्लोट उचलला जातो आणि जोड लागतो किंवा सुटतो. हा फ्लोट उलटा घातला की "लागतो"चं "सुटतो" होतं. जुनं मॉडेल टाकीच्या झाकणातून वरून बसायचं. एका कस्टमरला तेच तळातून बसवायचं हवं होतं. ड्रॉइंग जुन्यावरून उतरवलं, नळी फिरवली, पण फ्लोटवरची खूण होती त्याच बाजूला राहिली. मी स्वतः तपासलं. हातात ड्रॉइंग धरून एकेका पीसवरची खूण पाहिली. खूण ड्रॉइंगप्रमाणे. पास. खूण ड्रॉइंगप्रमाणे. पास. पेटी भरून डिस्पॅच.

तिकडे टाकी भरली तरी पंप थांबेना.

आमच्या शॉपच्या कोपऱ्यात एक निळी बादली असते. पाणी भरायचं, स्विच धरायचा, मीटरवर बीप ऐकायचा. दोन मिनिटांचं काम. "मॉडेल तर जुनंच आहे" म्हणून त्या दिवशी बादली भरली गेली नव्हती. सगळा लॉट परत आला आणि आमच्या जुन्या असेंब्लरनं, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, पहिला पीस बादलीत बुडवला. मीटर गप्प. अण्णा मला काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त दुसरा पीस बुडवला, मग तिसरा.

म्हणून जेनेसिसचा अहवाल वाचताना मला ते लोक बेजबाबदार वाटले नाहीत. त्यांनी तपासलं होतं. ड्रॉइंगशी तपासलं होतं. आणि ड्रॉइंगशी तपासताना हातून काही सुटलं नाही याचं समाधानही त्यांना झालं असणार, मला झालं होतं तसंच.

स्टारडस्ट तेव्हा अजून अंतराळातच होतं. त्याचे स्विच बरोबर दिशेला आहेत ना, हे कागद काढून पुन्हा तपासलं गेलं. होते. जानेवारी २००६ मध्ये ती कुपी त्याच युटाच्या वाळवंटात पॅराशूटनं अलगद उतरली.

वाळवंटातलं वेचणं

आता ज्या भागासाठी मी हे प्रकरण निवडते तो.

कुपी फुटली, आतला डबा फाटला, चकत्यांचा चुरा झाला. ३०० चकत्यांचे सुमारे १५,००० तुकडे. त्यात युटाची माती, उष्णताकवचाची काळी पूड, कुपीवरच्या रंगाची भुकटी. जवळच्या लष्करी तळावर तात्पुरती स्वच्छ खोली उभारून माणसं चिमट्यानं एकेक तुकडा वेचत बसली. सुमारे महिनाभरानं, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सगळं ह्यूस्टनला जॉन्सन अंतराळ केंद्रात गेलं.

पण कुठला तुकडा कुठल्या ताटलीचा? वेगवान वाऱ्याचा, संथ वाऱ्याचा की स्फोटाचा? हे कळलं नाही तर तुकडे नुसती चमकती काच. आणि हे कळलं, कारण चकत्या बनवतानाच वेगवेगळ्या ताटल्यांना वेगवेगळी जाडी दिली होती. सगळा वारा घेणाऱ्या ७०० मायक्रॉन, स्फोटाच्या ६५०, वेगवान वाऱ्याच्या ६००, संथ वाऱ्याच्या ५५०. नखाएवढा तुकडा असला तरी जाडी मोजली की घर सापडतं. आमच्या भाषेत ही ट्रेसेबिलिटी. पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमध्ये निर्यातीच्या द्राक्षाच्या पेटीवर कोड लागतो आणि युरोपात पेटी उघडली तरी ती कुठल्या बागेतली हे सांगता येतं; मुलांना लगेच कळतं, कारण अर्ध्याजणांच्या घरी बाग असते. फरक इतकाच की जेनेसिसच्या चकत्यांवर खूण लिहिलेली नव्हती. खूण अंगातच होती, त्यामुळे तुटूनही पुसली गेली नाही. हे ज्यानं सुचवलं असेल त्याला मी मनातून नेहमी नमस्कार करते.

उरला मातीचा प्रश्न. इथे तो १०० नॅनोमीटरचा आकडा परत येतो. निफाडची एक ट्रेनी मुलगी गेल्या बॅचला होती, घरची द्राक्षबाग. मी विचारलं, "आता हे साफ कसं करणार?" ती म्हणाली, "मॅडम, सूर्याचं औषध आंतरप्रवाही आहे आणि माती स्पर्शजन्य." इतकं नेमकं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. स्पर्शजन्य फवारणी पानाच्या वर राहते, आंतरप्रवाही आत मुरते. सौरवारा चकतीच्या आत मुरलेला, घाण वर बसलेली. वरचं धुवायचं आणि आतलं ओरबाडायचं नाही, एवढंच करायचं होतं. एवढंच, पण १०० नॅनोमीटरच्या मर्यादेत राहून. अतिशुद्ध पाण्याचे फवारे, ध्वनिकंपनं, काही तुकड्यांना आम्ल. आणि वरची घाणही सगळी एकसारखी नव्हती. अंतराळात असतानाच काही पृष्ठभागांवर तपकिरी डागासारखा पातळ थर चढला होता, त्याला पाणी पुरत नव्हतं. कुठल्या मूलद्रव्यासाठी कुठला तुकडा, त्याला कुठली धुलाई, हे एकेक करून शोधावं लागलं. वर्षानुवर्षं.

संहतकाच्या लक्ष्याचे चार पाकळ्यांसारखे भाग होते. त्यांतले तीन एवढ्या आपटण्यातूनही अखंड राहिले.

सूर्यानं काय सांगितलं

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत केविन मॅककीगन यांच्या गटानं याच कामासाठी एक खास आयन-वस्तुमानमापक, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र, तयार केलं होतं. निकाल २०११ मध्ये आला. सूर्यातल्या ऑक्सिजनच्या मानानं पृथ्वीवरच्या ऑक्सिजनमध्ये जड समस्थानिकं, १७ आणि १८, सुमारे ६ टक्के जास्त आहेत. अशनींमध्ये सापडणारे सर्वांत जुने पांढुरके कण मात्र सूर्याच्या जवळ जातात. म्हणजे आपण ज्या ऑक्सिजनमध्ये श्वास घेतो, ज्या ऑक्सिजननं गोदावरीचं पाणी आणि सह्याद्रीचा काळा दगड बनलाय, तो सौरमालेचा मूळ ऑक्सिजन नव्हे. ग्रह घडण्याआधीच त्यात फेरबदल झाला होता. अतिनील किरणांनी ढगातल्या कार्बन मोनॉक्साइडचे रेणू फोडले आणि त्यात जड समस्थानिकं वेगळी सुटली, असं त्याचं एक मानलं जाणारं स्पष्टीकरण आहे.

नायट्रोजनचा फरक याहून मोठा. फ्रान्समधल्या नान्सीच्या बर्नार मार्टी यांच्या गटानं तो मोजला. सूर्यात नायट्रोजन-१५ चं प्रमाण पृथ्वीच्या हवेपेक्षा जवळपास ४० टक्क्यांनी कमी. गुरू ग्रहाचं प्रमाण सूर्याशी जुळतं, आपलं जुळत नाही. भाकरी पिठापेक्षा किती वेगळी झाली याचं हे मोजमाप. निऑननं चंद्राच्या मातीचं एक जुनं कोडंही सोडवलं: मातीच्या कणांत खोलवर सापडणारा वेगळा निऑन हा सूर्याचाच निराळा प्रकार आहे असं वाटत होतं, पण आत घुसताना जड कण जास्त खोल जातात एवढ्यानंच तो फरक पडतो हे जेनेसिसच्या नमुन्यावरून दिसलं.

मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ, कॅल्टेकचे डॉन बर्नेट, यांनी आखलेल्या प्रश्नांपैकी वरचे प्रश्न अशा रीतीनं चुऱ्यातून सुटले. तुकडे अजूनही ह्यूस्टनला जपलेले आहेत आणि प्रयोगशाळांना अभ्यासासाठी दिले जातात.

शिमची परात

प्रकरण सांगून झालं की मी मुलांकडून एक काम करून घेते. स्टोअरमधून चार जाड्यांच्या शिम पट्ट्या (फट भरायच्या धातूच्या पातळ पट्ट्या) आणते, कातरीनं त्यांचे वेडेवाकडे तुकडे करते आणि सगळे एका स्टीलच्या परातीत मिसळून वर थोडी ग्राइंडिंगची धूळ टाकते. प्रत्येकाला मायक्रोमीटर. तुकडा पुसा, मोजा, आपल्या डबीत टाका.

गेल्या बॅचला ती निफाडची मुलगी सगळ्यात हळू काम करत होती. बाकीच्यांच्या डब्या भरल्या तरी ती एकच तुकडा फिरवून फिरवून मोजत होती. कातरीनं कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत धार, आली होती. एका टोकाला वाचन एका डबीचं, दुसऱ्या टोकाला मधलंच काहीतरी. "अगं, टाक जवळच्या डबीत," शेजारचा म्हणाला, "ड्रॉइंगला टॉलरन्स असतोच की." तिनं त्याच्याकडे पाहिलं, तेलदगडावर कड हलक्या हातानं घासली, परत मोजलं. अजून मधलंच. मग तिनं माझ्याकडून एक पाचवी डबी मागून घेतली, तुकडा त्यात ठेवला आणि चिकटपट्टीवर पेननं लिहिलं: "अजून ठरलं नाही."